टिचकीचे दोन इंच

अग्निशमन दलाच्या बँडचे कोट शिवायचं काम आक्कांकडे आलं, आणि पाहुण्याच्या मागून त्याचं कुत्रं घरात शिरावं तसा त्या कामामागून एक कागद आला. कोट लाल, कॉलर काळी, बटणं पितळी, इथपर्यंत कागद शहाण्यासारखा बोलत होता. शेवटच्या ओळीत त्याचं डोकं फिरलं होतं. 'सर्व वादकांची मापे संगणकीय तक्त्यात सादर करावीत. हस्तलिखित मापे स्वीकारली जाणार नाहीत.'

ही ओळ आक्कांनी सूनबाईकडून दोनदा वाचून घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. चार इयत्तांत जेवढं शिकवतात तेवढं सगळं येत होतं. पण वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की रागवायला समोर माणूस असतो.

"म्हणजे माझ्या हातचं अक्षर त्यांना चालत नाही?"

"तुमच्याच असं नाही, आई. कुणाच्याच हातचं चालत नाही."

"आणि कोट कुणाच्या हातचे घालणार आहेत? का तेही संगणकच शिवून देणार?"

सूनबाई गप्प बसली. ती गप्प बसली की आक्कांना जास्त राग येई, कारण गप्प बसणं ही त्या घरात आजवर कुणालाच न जमलेली कला होती.

आक्कांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे कापायचं लांब टेबल, भिंतीशी दोन मशिनं, आणि खिळ्याला टांगलेली मोठी कात्री. त्या कात्रीला आक्कांशिवाय कुणी हात लावत नसे. सूनबाईला त्या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. काजं करणं, बटणं लावणं, इस्त्री फिरवणं, सगळं तिच्या हाती आलं होतं. कात्री मात्र खिळ्यावर होती.

माप घ्यायची रीत ठरलेली. आक्का गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती टेप फिरवायच्या, माप मोठ्यानं बोलायच्या, मधूनच टेपच्या पितळी टोकावर नखानं टिचकी मारायच्या आणि पुढच्या मापाला वळायच्या. लिहून घ्यायचं काम वन्संचं. वन्सं, म्हणजे आक्कांच्या नणंदबाई. पण वन्सं लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि नातवाचे पाय दुडूदुडू चालायला लागले तरी परत यायचं नाव घेईनात. तेव्हा लिहायचं काम सूनबाईकडे आलं, आणि आता त्या कागदाच्या कृपेनं ते वहीतून उठून थेट संगणकात जाणार होतं.

"एक सांगून ठेवते," आक्का म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्यानं एका सुताची जरी चूक केली ना, तर तो माळ्यावर जाईल. जुन्या पाळण्याशेजारी."

"आणि नाही केली तर?"

सासूला उलट प्रश्न विचारायचा म्हणजे काय! दोन्ही मशिनं एकदम थांबली. त्यांच्यावर बसलेल्या बायकांचे पाय आपोआप उचलले गेले होते.

"नाही केली तर," आक्का म्हणाल्या, "मोठी कात्री तुझी."

बोलून गेल्यावर त्यांची नजर खिळ्याकडे गेली. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ती परत कशी काढणार!

एवढं मोठं काम, आधी रंगीत तालीम हवी. त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या काकांना वर बोलावलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. बोलावल्याशिवायही ते आलेच असते. त्यांना टेबलाशी उभं करून आक्कांनी छातीभोवती टेप फिरवली.

"साडेचौतीस."

सूनबाईनं पटापट बोटं चालवली. पडद्यावर चौकटीच चौकटी होत्या. ती त्यांना सेल म्हणे. आक्का म्हणाल्या, सेल बॅटरीत असतो, हे खण आहेत. तेव्हापासून खण.

खणात पस्तीस उमटले.

"अर्धा इंच कुठं गेला?"

"आहे ना, आई. आत आहे. वर फक्त पूर्ण आकडा दिसतोय. हे बघा, खणावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत साडेचौतीसच आहेत."

"आत असून बाहेर दिसत नाही? तो अर्धा इंच आहे का आपला जावई?"

जावयांचा त्या प्रकरणाशी काहीएक संबंध नव्हता. पण ते आले की आतल्या खोलीत पेपर तोंडावर धरून बसत, आणि आक्का असली संधी सोडत नसत.

"फॉरमॅट बदलावा लागेल," काका हात टेकून उभे होते ते सावरून म्हणाले. "आकडा तोच राहतो, फक्त त्यानं कुठला वेष घालून बाहेर यायचं ते ठरवायचं. सरका जरा. आम्ही बँकेत हेच केलं आयुष्यभर." आणि त्यांनी अशी काही कळ दाबली, की त्यांच्या छातीच्या मापापुढे पैशाचं चिन्ह आलं आणि मागे दोन शून्यं लागली.

"वा!" आक्का म्हणाल्या. "या भावात तुमची छाती घेणार कोण?"

काका दुखावले. ते खुर्चीत जाऊन बसले आणि यापुढे आपण केवळ सल्ला देऊ, हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सल्ला मात्र त्यांनी शेवटपर्यंत दिला.

खरी पंचाईत सुतांची झाली. इंचाचे आठ सूत, आणि आक्कांचा सगळा हिशेब सुतात. अर्धा इंच म्हणजे कसा ढोबळ. अर्ध्या इंचात कोट खांद्यावर बसायचा तो खांद्याला लटकतो. त्यांनी काकांच्या खांद्याचा उतार मोजला. "पाच सूत."

सूनबाईनं पाचावर आठ असं लिहून कळ दाबली. खणात आलं: पाच ऑगस्ट.

सगळे त्या खणाकडे बघत राहिले. मशिनवरच्या बाईनं दबक्या आवाजात विचारलं, "काकांचा वाढदिवस का?"

"त्याला ती तारीख वाटली," सूनबाई म्हणाली. "थांबा, साधा आकडा करते." तिनं तारखेचा वेष काढून आकड्याचा घातला. खणात पंचेचाळीस हजारांच्या पुढचं काहीतरी उमटलं.

"खांद्याचा उतार पंचेचाळीस हजार इंच!" आक्कांनी टेप गळ्यात टाकली. "हा खांदा आहे का कडा? यावरून माणूस घसरला तर संध्याकाळपर्यंत खाली यायचा नाही."

मग चिरंजीवांना ऑफिसात फोन लावला. त्यांचा पगारच मुळी असल्या खणांवर चालत असे. "सोप्पं आहे गं, आई," ते म्हणाले. त्यांना आजवर अवघड असं काही भेटलंच नव्हतं, कारण अवघड दिसलं की ते फोन ठेवत. फोन ठेवायच्या आधी त्यांनी सूनबाईला एवढंच सांगितलं, की फॉरमॅट आपल्या मनासारखा घडवता येतो, कस्टम असं लिहिलेलं असतं तिथं बघ.

सूनबाईनं बघितलं. काकांचे सल्ले अंगावरच्या माशीसारखे वारत तिनं दुपारभर त्या कस्टमशी झटापट केली. एकदा सगळे आकडे लाल झाले, एकदा सगळे नाहीसे झाले. एकदा खण अरुंद पडला म्हणून आकड्यांच्या जागी नुसती जाळी आली. तेव्हा आक्का म्हणाल्या, बरं झालं, आता यात निदान डास तरी शिरणार नाहीत. पण चहाची वेळ होता होता तिनं खणाला शिकवलं, की बाबा रे, तुकडा आला तर तो आठाच्या भाषेत सांगायचा. आणि खणात नीट उमटलं: चौतीस, शेजारी चारावर आठ. चौतीस इंच चार सूत!

आक्का चष्मा लावून बघत राहिल्या. त्यांच्या दुकानाची भाषा त्या डब्याला यायला लागली होती. त्यांना फार बरं वाटलं. म्हणून त्या म्हणाल्या, "चहात साखर कमी आहे."

दोन दिवसांनी बँड आला. सगळा बँड एकदम आला, कारण बँडला एकेकट्यानं कुठं जायची सवय नसते. बासरीवाला बासरीएवढाच रुंद होता. झांजवाला उंच. बँडमास्तर बरे भरलेले. आणि सगळ्यात शेवटी, दारातून थोडे तिरके होऊन, ड्रमवाले आत आले. मोठा ड्रम पोटावर बांधून चालायचं त्यांचं काम. "ड्रमला टेकू हवा ना, आक्का," ते पोटावर हात फिरवत म्हणत. माणूस लाखाचा. आगीत शिरताना मागंपुढं न बघणारा, पण टेप दिसली की शाळेतल्या पोरासारखा श्वास आत ओढून उभा राहणारा. आक्कांकडूनच त्यांचे कपडे शिवले जात, आणि इतक्या वर्षांत आपली कंबर बेचाळिसाच्या पुढं सरकलेली नाही, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अभिमानाचा विषय होता.

"बेचाळीस!" आक्का खणखणीत आवाजात बोलल्या.

"ऐकलंत?" ड्रमवाले झांजवाल्याला म्हणाले. "बेचाळीस! तू नोकरीला लागायच्या आधीपासून बेचाळीस."

टिक, टिक, टेपच्या टोकाचा आवाज झाला, आणि आक्का पाठीकडे वळल्या. सूनबाई पडद्याकडे बघून लिहीत होती. खण सुतासुतानं भरत होते.

तक्ता छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. तिथून तो निम्मा जाळीचा होऊन परत आला, खण रुंद करून पुन्हा गेला, आणि मग दलाच्या कचेरीत पोचला. तिथल्या कारकूनसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे आठ सगळीकडे कसे? इतक्या माणसांना नेमके आठच कसे भागतात?" सूनबाईनं त्यांना सूत समजावून सांगितलं. साहेबांनी तोंडानं 'हो' म्हटलं आणि डोळ्यांनी 'नाही', आणि शिक्का मारला. शिक्का मारताना डोळे लागत नाहीत.

त्या तक्त्यावरून आक्कांनी कापड कापलं. मोठी कात्री टेबलावर कर्रकर्र चालू लागली की घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. कोट झाले. लाल कोटांची रांग दांडीवर लागली, तेव्हा काकांनी खालून येऊन आपल्या मार्गदर्शनाबद्दल सगळ्यांचे आभार आधीच स्वीकारून टाकले.

आणि बँड कोट घालून बघायला आला.

बासरीवाल्याचा कोट असा बसला की जणू त्यातच तो जन्मला. झांजवाल्याचा एका सुतानं इकडे नाही की तिकडे नाही. सूनबाई कात्रीकडे बघत नव्हती. ती कात्रीकडे बघत नाही हे आक्कांना स्पष्ट दिसत होतं.

मग बँडमास्तरांनी कोट चढवला. बटण काजाच्या रोखानं निघालं, त्यानं काजाकडे लांबूनच पाहिलं आणि तिथंच थांबलं. ड्रमवाल्यांनी श्वास ओढला, पोट आत घेतलं, चेहरा कोटाच्या रंगाचा झाला, बटण लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमवाले खूश होऊन हसले. हसायला श्वास लागतो. बटण सुटलं ते खोली ओलांडून गेलं आणि टेबलावर ठेवलेल्या झांजेवर टण्णकन बसलं. तो नाद बराच वेळ घुमत राहिला.

"कंप्युटरनं घोळ घातला," बँडमास्तर म्हणाले.

"घातलाच!" आक्का उसळल्या. महिनाभर दाबून धरलेलं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आत एक आणि वर एक! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. काढा शिडी. जाऊ दे त्याला पाळण्याशेजारी."

"थांबा, आई." सूनबाई उठली नाही. तिनं पडदा सगळ्यांकडे वळवला. "हा यांचा कमरेचा खण. वर बेचाळीस. क्लिक केलं. आत पण बेचाळीस. तुम्ही जे बोललात तेच मी लिहिलं. मला चांगलं आठवतंय. तुम्ही म्हणालात बेचाळीस, मग नेहमीसारख्या दोन टिचक्या मारल्यात आणि पाठीकडे वळलात."

आक्कांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

टिचक्या!

भरदार माणसाचं माप चारचौघांत खणखणीत बोलायचं नाही, हा आक्कांचा दुकान उघडल्यापासूनचा धर्म. आकडा दोन इंच उतरवून बोलायचा, आणि जितके उतरवले तितक्या टिचक्या टेपवर मारायच्या. वन्सं टिचक्या मोजून गुपचूप भर घालायच्या. गिऱ्हाईक ताठ मानेनं घरी जायचं, आणि कपडा बरोबर बसायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की हे कुणाला सांगावं लागेल असं आक्कांच्या कधी डोक्यातच आलं नाही, आणि वन्सं गेल्यापासून भरदार गिऱ्हाईक एकही आलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे कुणी सुनेला शिकवतं का?

"बेचाळीसच आहे हो!" ड्रमवाले कळवळून म्हणाले. "आक्का, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही स्वतः मोजलीय. आहे ना बेचाळीस?"

झांजवाला हसू दाबत होता. ते हसू दोन इंचांची वाट बघत उभं होतं.

आक्कांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सूनबाईकडे पाहिलं. डब्यावर ढकलणं सगळ्यात सोपं होतं. शिडी तर निघालीच होती. पण सूनबाई पडद्याला हात लावून बसली होती, आजारी माणसाच्या पाठीला लावावा तसा. आणि खरं बोलायचं, तर बिचाऱ्या ड्रमवाल्यांचं पोट भर बाजारात मांडायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत झाली.

आक्का उठल्या. खिळ्यावरची मोठी कात्री काढली. गळ्यातली टेप हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत कर्रकन तिचे दोन तुकडे केले.

"मेली टेप सैल पडलीय!" त्या म्हणाल्या. "जुनी झाली. बारीक मापाला ठीक चालते, मोठं माप आलं की ताणते आणि कमी सांगते. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. डब्याची काही चूक नाही. तो बिचारा सांगाल ते लिहितो."

"म्हणजे माझी कंबर..." ड्रमवाल्यांनी घाबरत विचारलं.

"तुमची कंबर होती तिथं आहे. नव्या टेपेनं किती भरेल ते भरेल, टेपांचा काय भरवसा! काढा कोट. शिवणीत माया सोडलीय मी, आत जादा कापड आहे, उसवून सोडते. माझ्या कोटात माया नाही असं कधी झालंय?"

बँड गेला. खोलीत नुसती उसवण्याची टिपटिप उरली. एक शिवण उसवून झाली तेव्हा सूनबाई म्हणाली, "टेप सैल नव्हती, आई."

"मला शिकवू नकोस."

"टिचक्या कशाच्या होत्या?"

आक्कांनी सांगितलं. सांगताना त्यांनी मान वर केली नाही आणि वाक्यं अशी तोडून तोडून टाकली, की जणू चूक वन्संची होती, त्यांच्या लेकीची होती आणि त्या दुडूदुडू चालणाऱ्या नातवाची होती. सूनबाई हसली नाही, हे तिच्या नावावर जमा करायला हवं.

सुधारलेले कोट पोचते करायच्या आधल्या दिवशी दुपारी ड्रमवाले एकटेच आले. दारात उगाच चपला सरळ केल्या, उगाच दांडीवरचा कोट चाचपला.

"आक्का, कारकूनसाहेब म्हणत होते की दुरुस्त मापांचा तक्ता बँडच्या खोलीत फळ्यावर लावणार. कुणाचा कोट कुठला ते कळावं म्हणून." ते थांबले. "म्हणजे सगळ्यांची कंबर लागणार का फळ्यावर?"

"तुम्हाला कोण विचारतंय," आक्का म्हणाल्या. "जा, तालीम करा."

ते गेले. आक्का खुर्ची ओढून सूनबाईशेजारी बसल्या. त्या डब्यासमोर त्या पहिल्यांदाच बसत होत्या, आणि बसताना त्यांनी पदर सावरला, जणू तो मोठ्या घरचा पाहुणा होता.

"अगं, तुझ्या त्या खणात आत एक आणि वर एक राहतं, खरं ना?"

"हो."

"मग आत चव्वेचाळीस ठेवून वर दुसरं काही दाखवता येईल? आकडाच नको. शब्द. चांगलासा."

सूनबाईनं सासूकडे पाहिलं. मग ती कस्टममध्ये शिरली. अमक्या आकड्याच्या वर गेला तर हा शब्द दाखवायचा, तमक्याच्या वर तो, आणि बाकीच्यांना तिसरा, असं तिनं कमरेच्या सगळ्या रांगेला बजावलं. शब्द आक्कांनी दिले. कळ दाबली तशी रांगेतली माणसं भराभर कपडे बदलून उभी राहिली. बासरीवाला: सडपातळ. झांजवाला: बांधेसूद. बँडमास्तर आणि ड्रमवाले: भारदस्त.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त तक्त्याची फाईल कचेरीत गेली आणि कारकूनसाहेबांचा फोन आला. "बाई, फाईल उघडली, पण कमरेच्या जागी आकडेच नाहीत! हा काय प्रकार?"

आक्कांनी फोन हिसकावून घेतला. "साहेब, आकडे आहेत. आत आहेत. लागले तर खणावर टिचकी मारा, वरच्या पट्टीत दिसतील. पण फळ्यावर कागद लागतो, आणि कागदाला टिचकी मारून काही निघत नाही. तिथं जे दिसायचं तेच दिसेल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग साहेबांनी आवाज उतरवून विचारलं, "भारदस्त होण्यासाठी कंबर किती लागते हो?"

त्या दिवशी ड्रमवाल्यांनी म्हणे फळ्यासमोर उभं राहून आपला शब्द तीनतीनदा वाचला, आणि झांजवाल्याला विचारलं, "तू काय? नुसता बांधेसूद?"

कोट संपले, पण लाल कापडाचा एक तुकडा उरला. सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला एक जाकीट होईल. आक्का नको नको म्हणाल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. माप घ्यायला आज त्यांच्याकडे टेप नव्हती. नवी टेप सूनबाईच्या गळ्यात होती.

"अडतीस," सूनबाई मोठ्यानं म्हणाली.

टिक. टिक.

आक्कांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मशिनवरच्या बायका अचानक फार मन लावून शिवू लागल्या. सूनबाई निर्विकारपणे पाठीकडे वळली, बाही मोजली, आणि जाऊन सगळं लिहून आली.

ती आत चहा ठेवायला गेली तशी आक्का उठल्या, डब्यासमोर गेल्या, चष्मा लावला. तक्त्याच्या शेवटी त्यांच्या नावाची रांग होती. कमरेच्या खणात शब्द होता. भारदस्त नव्हता. एवढ्या मोठ्या तक्त्यात दुसऱ्या कुणालाच न दिलेला शब्द होता: रुबाबदार.

त्यांचं बोट माउसवर गेलं. एक टिचकी, की वरच्या पट्टीत आतला आकडा.

बोट तिथं जरा थांबलं. मग त्यांनी ते काढून घेतलं, पदराला पुसलं, आणि खिळ्यावरची मोठी कात्री काढून डब्यासमोर आडवी ठेवली.

"अगं ए," त्यांनी आत आवाज दिला, "जाकीट तूच काप. आणि शिवणीत माया चांगली दोन इंच सोड. तीन सोड."